दोन्ही चालू ठेव

येलवाल, म्हैसूर
११ ऑगस्ट २०२३

दादा,

नमस्कार वगैरे या वेळी राहू दे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं वाक्य संपायच्या आत तुझं सुरू होतं. म्हणून पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

निशांत दवाखान्यात आहे. आज सहावा दिवस. रविवारी दुपारी मी तुला कळवलं, तू ते वाचलंस, तशा खुणा फोनवर दिसतात. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर तुझ्याकडून गुलाबाचं चित्र आलं, 'लवकर बरे व्हा'. सांगलीत तुझ्या दारात छातीच्या पेशंटांची रांग लागते, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासाठी तुझ्याकडे गुलाबाचं चित्र निघालं.

काय झालं ते लिहिते. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो उप्पिट खात होता. ठसका लागला म्हणून उठून बेसिनपाशी गेला. रक्ताची एखादी रेघ त्याला नेहमी पडायची, तशीच असेल म्हणून मी गॅसपाशीच उभी राहिले. मग त्याने मला हाक मारली, अगदी साध्या आवाजात, "तारा, जरा इकडे ये." बेसिन भरलं होतं. तोंड पुसायला घेतलेला टॉवेलही भिजला होता. शेजारच्या प्राणेशनी गाडी काढली. हुणसूर रोडवर ते सारखा हॉर्न वाजवत होते आणि निशांत मांडीवर बादली धरून बसला होता. घाबरलेला नव्हता तो. लाजल्यासारखा दिसत होता. प्राणेशना म्हणाला, "सीट खराब होईल हो तुमची."

मांडीतल्या शिरेतून बारीक नळी छातीपर्यंत नेऊन रक्त गळणारी नस त्यांनी आतून बंद केली. हे तुला मी समजावून सांगायला नको. रक्त थांबलं. पण डॉक्टर म्हणाल्या, हे तात्पुरतं आहे, शेजारची दुसरी नस कधीही फुटू शकते.

डॉक्टर म्हणजे त्याच, डॉ. अन्विता. चामराजपुरमच्या. तीन-चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या घरातलं, अर्धं कानडी मराठी बोलणाऱ्या. मार्चमध्ये मी त्यांचं नाव सांगितलं तेव्हा तू हसला होतास. "जिला धड मराठी येत नाही ती मला छाती शिकवणार?" ही माझी आठवण चुकीची असेल तर कळव.

औषधं देण्यात माझ्याकडून एका वेळेचीही चूक झालेली नाही. ज्या गोळ्या द्यायला सांगितल्या होत्या त्या सगळ्या दिल्या. तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर मी काय सांगू, एवढं फक्त कळव.

तारा


२९ ऑगस्ट २०२३

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा फोन आला होता. ह्यांचं बीपी वाढलंय, त्यांना सध्या ताण देऊ नका, म्हणाली. बरं.

निशांत घरी आला आहे. वजन सत्तेचाळीस किलो. आणि आज जे ठरलं ते तुला कळायला हवं. चौदा सप्टेंबरला ऑपरेशन आहे. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढून टाकणार. डॉ. अन्वितांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हे मोठं ऑपरेशन आहे हो. ह्यांच्या छातीत ताकद कमी. टेबलावरून उठतील अशी खात्री मी देत नाही. पण काय करायचं, औषधानं बुरशी हटतच नाही म्हटल्यावर?"

औषधानं बुरशी हटत नाही. हे त्यांना वाटतं, दादा. का हटली नाही ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणालाही नाही. निशांतलासुद्धा नाही.

तुला विसरायची सोय आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

२०११ मध्ये निशांतला टीबी झाला. तू ओळखलास, तू बरा केलास. तेव्हापासून आमच्या घरात तुझा शब्द शेवटचा. ते उपकार मी नाकारत नाही. गेल्या नोव्हेंबरात खोकला परत आला, रक्ताची रेघ दिसली, तेव्हा मी एक्स-रेचा फोटो तुलाच पाठवला. पाच मिनिटांत तुझं उत्तर आलं, 'टीबी उलटलाय. लगेच सुरू करा.' बेडका तीनदा तपासला, तिन्ही वेळा टीबीचा जंतू नाही. तू म्हणालास, येतो कधी कधी निगेटिव्ह. चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या आणि निशांत नऊ किलोंनी उतरला. पिरियापट्टणला तंबाखूच्या पानांची प्रत ठरवायचं त्याचं काम. गोदामात दोन पावलं चालून तो पोत्यावर बसायला लागला.

तेव्हा आम्ही डॉ. अन्वितांकडे गेलो. त्यांनी सीटी स्कॅन केला, बुरशीसाठीची रक्ताची तपासणी केली आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. जुन्या टीबीने पडलेली पोकळी, आणि तिच्यात सुपारीएवढा गोळा. "टीबी तुमच्या भावानं चांगला बरा केलाय की. जंतू कधीच गेले, फक्त घर रिकामं ठेवून गेले. त्या घरात ही बुरशी येऊन राहिली, अष्टे, एवढंच. टीबीच्या गोळ्या आजपासून बंद. पूर्ण बंद, समजलं का?" बुरशीवरच्या कॅप्सूल लिहून दिल्या, सहा महिने तरी घ्याव्या लागतील म्हणाल्या. सातवीच्या मुलांना पावावरची बुरशी शिकवते मी. नवऱ्याच्या छातीत तीच वाढत होती आणि चार महिने मी त्याला टीबीचं औषध भरवत होते.

घरी येऊन तुला फोन केला. तू चिडलास. रात्री मेसेज आला, तो अजून माझ्याकडे आहे. 'टीबीचं औषध मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देणार नाहीत. मग मी हात लावणार नाही. बुरशीचं हवं तर घ्या. दोन्ही चालू ठेव. तिला सांगायची गरज नाही.' चौथ्या दिवशी सांगलीहून कुरिअर आलं, दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या, दिसायला आधीच्यांपेक्षा वेगळ्या.

निशांत ऐकणारा नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं त्याला पटलं होतं. म्हणून मी गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या आणि व्हिटॅमिन म्हणून दिल्या. रोज सकाळी तीन.

जूनमध्ये त्याच्या रक्तात बुरशीचं औषध किती आहे ते तपासलं. जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "गोळ्या चुकवता का हो सुम्ने, उगाच? खरं सांगा, मी रागावणार नाही." घरी आल्यावर तो दुखावून म्हणाला, "मी शाळेतला पोरगा आहे का, तारा? मी एक तरी गोळी चुकवली का?" मी म्हटलं, नाही. डॉक्टरांनी मलाही विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी म्हटलं, नाही.

त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, या दोन औषधांचं एकमेकांशी जमतं ना? तू म्हणालास, डॉक्टर कोण आहे, तू की मी?

रक्त पडलं त्या रविवारपासून ती डबी मी उघडलेली नाही. पण चौदा तारखेला त्याची छाती उघडणार आहेत. तुझ्याकडून एक वाक्य हवं आहे. 'ऑपरेशन थांबवा, त्यांना खरं सांग.' तू सांगितलंस म्हणून मी लपवलं, तर तू सांगितलंस म्हणून मी उघड करते. तेवढा तरी आधार दे.

तारा


७ सप्टेंबर २०२३

दादा,

वाक्य आलं नाही. परवा, मंगळवारी, शाळेतून अर्धी रजा घेऊन मी एकटीच डॉ. अन्वितांकडे गेले. संध्याकाळी त्या चामराजपुरममध्ये घराच्या पुढच्या खोलीत पेशंट बघतात. माझ्या आधी सहाजण होते. प्रत्येक जण आत गेला की मला वाटायचं, उठावं आणि जावं. शेवटी आत गेले आणि टीबीच्या गोळ्यांचं उरलेलं पाकीट टेबलावर ठेवलं.

त्यांनी पाकीट उलटं करून वाचलं. कोणत्या तारखेपासून, म्हणून विचारलं. मी सांगितलं. कुणी सांगितलं ते विचारलं, तेही सांगितलं. तुझे मेसेज दाखवले. मग त्यांनी पाकीट परत टेबलावर ठेवलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "ही लाल गोळी आहे ना, ही लिव्हरला असं कामाला लावते की बुरशीचं औषध रक्तात टिकतच नाही. आलं की साफ. तुम्ही रोज एका हातानं औषध देत होता आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होता. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं हो. तुमचे भाऊ डॉक्टर आहेत म्हणता?"

मी मान हलवली. यापूर्वी तुझ्या नावावर मी कधी मान खाली घातली नव्हती.

"मी त्या माणसाला विचारलं, गोळ्या चुकवता का म्हणून. बिचारा देवाची शपथ घेत होता. मी विश्वास नाही ठेवला. तुम्ही शेजारी बसला होता अल्वा, खरं ना?"

"हो."

"औषधच चालत नाही म्हणून मी छाती उघडायला निघाले. औषधाला संधीच मिळाली नव्हती. टेबलावर काही झालं असतं तर?"

मी विचारलं, मार्चपासून एकच औषध नीट मिळालं असतं तर रक्त पडलं नसतं का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. "सांगता येत नाही. पडलं असतंही. पण पाच महिने फुकट गेले, एवढं नक्की सांगते."

ऑपरेशन पुढे ढकललं आहे. टीबीची गोळी बंद होऊन महिना झाला, म्हणजे आता कॅप्सूल नीट लागू पडत असणार. रक्त पुन्हा तपासायला पाठवायचं, आणि औषधाचं प्रमाण बरोबर आलं तर छाती न उघडता पुढे जायचं.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "त्यांना तुम्ही सांगायचं. शुक्रवारी ते रक्त द्यायला येतील, तोपर्यंत वेळ देते. नाही सांगितलं तर मी सांगणार. त्यांची छाती आहे ती, त्यांना कळलंच पाहिजे."

उद्या शुक्रवार. आज शाळेला सुट्टी आहे, निशांत दुपारचं जेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला आहे. हे पत्र बंद करून मी त्याच्याकडे जाणार आहे. तुझं नाव घ्यायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. घेणार आहे.

तारा


१९ नोव्हेंबर २०२३

दादा,

तुला विचारायचं सुचलं नाही, तरी कळवते. रक्तात औषधाचं प्रमाण बरोबर आलं. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला. सत्तेचाळीसचे एकावन्न किलो झालेत. गेल्या सीटीत गोळा वाढलेला नाही, पोकळीच्या भिंतीची सूज उतरली आहे. निदान वर्षभर औषध चालेल, आणि रक्त पडायची भीती पुरती जाणार नाही, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे औषध चालत होतं, दादा. पहिल्यापासून चाललं असतं.

निशांतला सांगितलं त्या दुपारी काय झालं तेही लिहिते, कारण ते ऐकायला तू तिथे असायला हवा होतास.

मी सगळं सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवून ऐकलं. शेवटी विचारलं, "किती दिवस?"

"एकशे एकतीस."

"मोजलेस?"

"हो."

"व्हिटॅमिन म्हणाली होतीस."

"हो."

"लघवी अजून लाल होते, डॉक्टरांना सांगू का, असं मी तुला मे महिन्यात विचारलं होतं. उन्हाने होते म्हणालीस."

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्या गोळीनेच लघवी लाल होते हे २०११ पासून मला पाठ आहे. त्यालाही पाठ होतं. पण ती गोळी बंद झाली आहे असं तो समजत होता, आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता. त्याने त्या दिवशी डॉक्टरांना एवढंच सांगितलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. मी बोलू दिलं नाही. तेव्हा सगळं तुझ्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. गोळ्या पाठवल्यास तू. उन्हाने होते, हे मी म्हणाले. माझं मी.

तो म्हणाला, "माझ्या छातीत काय आहे ते तुम्ही बहीण-भावांनी ठरवून टाकलंत. एकाने सांगलीहून, एकीने स्वयंपाकघरातून. मला विचारावंसं कुणालाच वाटलं नाही." आवाज चढवला नाही. मग पेपर उचलला आणि मघाशी सोडलं होतं तिथूनच वाचायला लागला.

आता औषधं त्याच्या कपाटात असतात. प्रत्येक पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचतो, मगच गोळी घेतो. मी पाण्याचा ग्लास नेला तर, "ठेव तिथे." तपासणीला तो सिटी बसने एकटा जातो. धुळीचं काम बंद म्हणून कंपनीने त्याला म्हैसूरच्या ऑफिसात टेबल दिलं आहे. वीस वर्षं नुसत्या स्पर्शाने पानाची प्रत ओळखणारा माणूस दिवसभर कम्प्युटरवर याद्या तपासतो. घरी येऊन जेवतो, हवापाण्याचं बोलतो. सोडून जाईल की काय अशी भीती वाटायची. जाणार नाही. इथेच राहील आणि असाच राहील.

स्पृहा दिवाळीला बंगळूरहून आली होती. तिने बाबाला विचारलं, आईशी असा का वागतोस? तो म्हणाला, "कसा वागतो?" ती उठून माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. मी पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मामाला घाबरून केलंस हे?" मी म्हटलं, नाही, त्याच्यावर श्रद्धा ठेवून. ती म्हणाली, "मग जास्तच वाईट."

तारा


१० मार्च २०२४

दादा,

शुक्रवारी संध्याकाळी तू निशांतला फोन केलास. सात महिन्यांनी. त्याने तो स्पीकरवर टाकला होता आणि मी तिथेच भाजी निवडत बसले होते, हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणून तू मोकळेपणाने बोललास.

तुझ्या मुलाचं, अनुरागचं लग्न ठरलं, आनंद आहे. मुलगी डॉक्टर आहे, तेही कळलं. "तुम्ही दोघं आलात तर चार लोकांत बरं दिसेल," म्हणालास. चार लोकांत. मग जरा थांबून, "निशांतराव, त्या औषधाचं मनात ठेवू नका. ताराने घाई केली. मी फक्त विचार कर म्हटलं होतं. फोनवर सांगितलेलं बायका अर्धवट ऐकतात."

निशांतने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दादा," तो म्हणाला, "तुमचे मेसेज मी वाचले आहेत. तुम्ही पाठवलेलं पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं होतं, तेही मला माहीत आहे. तिने डॉक्टरांपुढे कबूल केलं, माझ्यापुढे केलं, पोरीपुढे केलं. तुम्ही अजून स्वतःपुढेही केलेलं नाही. तुमच्या दवाखान्यात असे किती पेशंट असतील हो, ज्यांचा टीबी कधीच गेलाय आणि तुम्ही अजून टीबीच्याच गोळ्या देताय? लग्नाचं राहू द्या. त्यांची छाती एकदा परत बघा."

तू म्हणालास, रेंज नाही, आवाज तुटतोय. फोन बंद झाला.

मला रडू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, या घरात माझ्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं. मी काहीतरी म्हणायला गेले. त्याने हाताने थांबवलं.

"तुझी बाजू नाही घेतली मी. जे खरं होतं ते बोललो."

लग्नाला आम्ही येणार नाही. चार लोकांत कसं दिसायचं ते तुझं तू बघ. पण पेशंटचं तो बोलला ते ऐक. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठीही नको. त्यांच्यातल्या एखाद्याची बायको आज डबी भरत असेल, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. यापुढे मी तुला लिहिणार नाही. जे सांगायचं होतं ते झालं.

निशांतचं वजन छप्पन्न आहे. पुढच्या सोमवारी, अठरा तारखेला, पुढचा सीटी आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याने वहीत लिहून काढलेत. ऑफिसातून परस्पर जाणार आहे. काल रात्री ताटं घेताना मी विचारलं, "या वेळी मी येऊ का सोबत? शाळेत रजा मिळेल."

त्याने विचार केला, हे मी पाहिलं. चिडून बोलला नाही तो.

"नको," म्हणाला. "डॉक्टर काही विचारतील. तेव्हा उत्तर देणारा मी एकटाच बरा."

तारा